फोंड्यात फ्लॅट घेताना: एजंटांशी जमवून घेतलेले दहा महिने

"मॅडम, कल भी आप आए थे ना?"

वॉचमनने हे सहज विचारलं आणि माझ्या शेजारी जिना चढणारा एजंट दोन पायऱ्यांवर थबकला. आदल्याच दिवशी दुसऱ्या एका एजंटाने मला हाच फ्लॅट दाखवला होता. फोनवर मी फक्त "फोंडा, टू बीएचके" एवढंच ऐकलं, इमारतीचं नाव विचारलंच नाही, आणि गेटपाशी पोचल्यावर लाजेने गप्प बसले. त्या माणसाने फ्लॅट दाखवला, खाली आल्यावर स्कूटरला किक मारली आणि पुन्हा कधी फोन केला नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं.

ही मार्च 2024 ची गोष्ट. आम्ही नऊ वर्षं फोंड्यात भाड्याने राहत होतो. मी पणजीला नोकरीला, नवरा वेर्ण्याला कारखान्यात, म्हणून दोघांना फोंडा सोयीचं. मालकांचा मुलगा परत येणार होता, त्यामुळे वर्षअखेर घर सोडायचं ठरलं. आता पुन्हा भाड्याने नको, असं दोघांनाही वाटलं. बजेट पन्नास-पंचावन्न लाख.

पहिल्या आठवड्यात मी अकरा एजंटांना फोन केले. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, मोबाइलवरची ॲप, ऑफिसातल्या मैत्रिणींनी दिलेले नंबर, जे मिळेल ते. सगळ्यांना एकच मेसेज: टू बीएचके हवा, दाखवा. मला वाटलं, जितके जास्त एजंट तितकी निवड जास्त. झालं उलटंच. पंधरा दिवसांत अकरातले सात जण फोन उचलेनासे झाले. पर्वरीच्या एका ऑफिसातल्या मुलीने तर स्पष्टच सांगितलं, "तुमच्या बजेटचं काही आलं तर कळवते," आणि आजवर कळवलेलं नाही. पर्वरी ज्या बार्देश तालुक्यात आहे तिथे बाहेरचे लोक सेकंड होमसाठी येतात, तिथल्या एका सौद्याच्या दलालीत आमच्यासारखे तीन सौदे बसतात. तिला राग येण्यासारखं मी काही केलं नव्हतं, फक्त तिच्या उपयोगाची नव्हते.

तेव्हा ते मनाला लागलं होतं. आता वाटतं, एजंटाच्या बाजूने कुणी तरी आधीच समजावून सांगायला हवं होतं. त्याला पगार नसतो. पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, रविवार त्याचा. दहा जणांना घरं दाखवावीत तेव्हा एखादा घेतो, तोही कधी कधी मालकाला परस्पर भेटून. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत तो एवढंच पारखत असतो की ही बाई खरंच घेणार आहे, की रविवारची फिरायला निघाली आहे.

एप्रिलमध्ये आम्ही फसता फसता राहिलो. बांदोड्यातला एक तळमजल्याचा फ्लॅट, 48 लाख, पुढे छोटी बाग, तुळशीवृंदावनही होतं. एजंट म्हणाला, मुंबईची पार्टी रविवारी येते आहे, आज टोकन दिलंत तर थांबवतो. मी पाघळले. नवऱ्याने मात्र दोन गोष्टी धरून ठेवल्या: पैसे रोख नाही, मालकाच्या नावाने चेक, आणि साध्या कागदावर का होईना, पावती. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, "कागदपत्रे आमच्या वकिलाने पसंत केल्यासच पुढील व्यवहार, अन्यथा रक्कम पूर्ण परत." एजंट हसला. म्हणाला, "साहेब, एवढा अविश्वास?" पण सही दिली. रक्कम 25,000.

आमच्या वकीलबाईंनी चार दिवसांत सांगितलं की फ्लॅट वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. चार भावंडं, आणि गोव्यात अजून 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचे नियम चालतात, म्हणजे लग्नानंतर मालमत्ता दोघांची धरली जाते. चार भावंडं म्हणजे त्यांचे नवरे-बायका धरून आठ सह्या. वारसाचा दस्त झालेलाच नव्हता आणि लंडनचा एक भाऊ विकायला तयार नव्हता. एजंटाला हे ठाऊक होतं का? मला वाटतं अर्धवट ठाऊक होतं, आणि बाकीचं त्याने विचारलं नव्हतं.

25,000 परत मिळायला सात आठवडे लागले. त्यातले तीन माझ्यामुळे गेले, कारण मी फोनवर आवाज चढवला आणि त्यानंतर त्याने फोन घेणं बंद केलं. शेवटी नवरा एका संध्याकाळी त्याच्या ऑफिसात गेला, तो पावतीचा कागद टेबलावर ठेवला आणि शांतपणे बसून राहिला. बारा दिवसांनी चेक आला. भांडण करायचंच असेल तर पैसे हातात आल्यावर करावं, हे मला तेव्हा कळलं. आल्यावर भांडायची इच्छाच उरली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घेतली. बारा दिवस लागले. तीस लाखांवरच्या आणि पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांहून जास्त देता येत नाही, आणि स्टॅम्प-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. हे आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर आमचा हिशेब तीन-चार लाखांनी चुकला असता. आम्ही 38 लाख घ्यायचे ठरवले. मंजुरीचं हे पत्र तुमच्याकडे नसेल तर एजंट शोधायच्या आधी ते काढा. मी ज्याला ज्याला ते पत्र पाठवलं, त्याने त्याच दिवशी उलट फोन केला. आधी दहा मेसेज करून जे झालं नव्हतं ते एका पानाने झालं.

आणि आम्हाला हवा तो माणूसही त्या पत्रामुळेच भेटला, तेही झेरॉक्स काढताना.

फोंड्यात तिस्कावर एक झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. मालक साठीचे, जाड काचांचा चष्मा, काउंटरवर कायम पोह्याच्या चिवड्याची बरणी. पगाराच्या स्लिपा आणि बँकेची कागदं काढताना त्यांनी वर न बघताच विचारलं, "घर घेता गो बाय?" मी म्हटलं, हो काका, पण मिळत नाही. ते गेली वीस वर्षं जोडधंदा म्हणून घरं दाखवतात हे तेव्हा कळलं. बोर्ड नाही, कार्ड नाही. (नव्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटाला रेराची (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, तो असला तर नोंदणी क्रमांक जरूर विचारा. हे काका फक्त जुने, रिसेलचे फ्लॅट बघतात.)

पहिल्या अकरा एजंटांच्या वेळी जे केलं नव्हतं ते इथे केलं. त्याच दिवशी दलालीचं बोलून घेतलं. त्यांनी दोन टक्के सांगितले, मी दीड म्हटलं, ते थोडा वेळ मशीनकडे बघत राहिले आणि हो म्हणाले. अर्धी करारनाम्याच्या दिवशी, अर्धी विक्रीखताच्या. एका बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीमागे हे लिहिलं आणि दोघांनी सही केली. त्यांची एकच अट होती, मालकाला मागच्या दाराने भेटायचं नाही. माझीही एकच होती, टोकनाआधी कागदांच्या प्रती. शेवटच्या दिवशी दलालीवर घासाघीस करणारे लोक मी नंतर सब-रजिस्ट्रारच्या व्हरांड्यात बघितले. ज्याने सहा महिने धावपळ केली त्याच्याशी तिथे उभं राहून पाच हजारांसाठी वाद घालायला मला जमलं नसतं.

शिवाय मी एक वही केली. तारीख, इमारत, कुणी दाखवलं, काय आवडलं, काय नाही. पुन्हा त्या वॉचमनसमोर उभं राहायची वेळ येऊ नये म्हणून. आणि घर बघितलं की त्याच संध्याकाळी उत्तर, कारणासकट. "विचार करून सांगते" हे वाक्य मी सोडलं. "तिसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे," एवढं सांगितलं की काकांनी पुन्हा लिफ्टशिवायचं घर दाखवलं नाही. चार घरं नाकारल्यावर ते माझ्यापेक्षा आधीच नाही म्हणायला लागले: "तें तुका पटचें ना, सोड."

पाचवं घर खडपाबांधचं. दुसरा मजला, लिफ्ट, कार्पेट 71 चौरस मीटर. (मुंबई-पुण्याकडच्या वाचकांसाठी: गोव्यात सगळं चौरस मीटरमध्ये बोलतात, चौरस फूट हवे असतील तर 10.76 ने गुणा.) जूनच्या मध्यावर, पाऊस थोडा उघडला होता तेव्हा बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या परसातला फणस दिसत होता. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं, म्हणजे त्यालाही आवडलं. मालक सांगत होते 57.

इथे मी मोठी चूक केली. परत येताना काकांना म्हटलं, "काका, खरं सांगू, अगदी ताणलं तर आम्ही 57 देऊ शकतो." झालं. पुढचा पूर्ण महिना मालक 57 वरून तसूभर हलले नाहीत. काकांनी सांगितलं का? सांगितलंच असणार. ते दोन्ही बाजूंकडून दलाली घेतात आणि ते त्यांनी पहिल्या दिवशी लपवलंही नव्हतं. एजंटाशी संबंध चांगले असणं म्हणजे त्याला सगळं सांगणं नव्हे. बजेट सांगावं, कमाल आकडा पोटात ठेवावा.

मी चिडले नाही असं नाही. चार दिवस दुकानावरून जाताना पलीकडच्या बाजूने गेले. मग एका संध्याकाळी गेले आणि सरळ बोलले: "काका, आम्ही 53 ला तयार आहोत, नाहीतर दुसरं बघू. पण दुसरंही तुमच्याकडूनच बघू." ते हसले आणि बरणीतला चिवडा पुढे केला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन. "बाय, फाल्यां मोठो पावस आसा. येवन पळय." (उद्या मोठा पाऊस आहे, येऊन बघ.) मला कळेना. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गेले. बाहेर धो धो. काकांनी मालकांना सहजपणे म्हटलं, हें कपाट मातशें सरकावया. पश्चिमेच्या भिंतीचं लाकडी कपाट दोघांनी ओढलं. मागे खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले होते, हात लावला तर तळवा ओला. मालक ओशाळले. काकांनी काहीच न बोलता चष्मा पुसला.

त्यांनी असं का केलं, हे मी नंतर हिशेब मांडून बघितलं. किंमत तीन लाखांनी उतरली तर आमच्याकडून त्यांचे बुडतात 4,500. सौदाच मोडला तर बुडतात 81,000. एजंटाला दर फुगवण्यापेक्षा सौदा पुरा होण्यात जास्त रस असतो, आणि सौदा अडला की तो तुमच्या बाजूला झुकू शकतो, जर त्याला खात्री असेल की तुम्ही पळून जाणार नाही. काका प्रेमाने वागले असंही असेल. मला दोन्ही चालतं. (बाकी गोव्यात घर पावसाळ्यातच बघा. एप्रिलमध्ये प्रत्येक भिंत सुकी असते.)

54 वर ठरलं. बाहेरून वॉटरप्रूफिंगचा खर्च आमचा. 16 ऑगस्टला एक लाखाचा टोकनचा चेक, लेखी अटीसह.

मग कागद. काकांनी त्यांच्या ओळखीचा वकील सुचवला, मी म्हटलं, बँकेचं काम आमच्या वकीलबाईच बघताहेत. हे पूर्ण खरं नव्हतं, पण कुणाचं मन दुखावलं नाही. एजंट कितीही चांगला असो, वकील तुमचा तुम्ही निवडा. आमच्या वकीलबाईंनी सगळ्याचे मिळून वीस हजार घेतले. त्यांनी बघितलं: मालकांचं आधीचं विक्रीखत, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, जमिनीची सनद (बिगरशेती परवानगी), बोजा नसल्याचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, इमारतीच्या मेंटेनन्स सोसायटीचं ना हरकत पत्र. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) मी स्वतः ऑनलाइन काढला, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग टाकला की दिसतो. त्यात कूळ किंवा इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का ते बघायचं. आमच्यात नव्हतं. यातली निम्मी कागदं काकांनीच मालकांच्या मागे लागून आणली. सोसायटीचे सेक्रेटरी तीनदा भेटले नाहीत, चौथ्यांदा काका त्यांना बाजारात मासळीच्या रांगेत गाठून सही घेऊन आले.

करारनामा लगेच होईल वाटलं होतं. 7 सप्टेंबरला चतुर्थी, त्याआधी आठवडाभर कुणी कामाचं बोलत नाही. मी नेवऱ्यांचा डबा दुकानात पोचवला, त्यात कसलाही हेतू नव्हता, शेजाऱ्यांकडे गेला तसाच तिथे गेला. चतुर्थी संपते तो पितृपक्ष. मालक म्हणाले, या पंधरवड्यात सही नाही. काकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "ऑक्टोबर धर," त्यामुळे जीव खालीवर झाला नाही. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, 4 ऑक्टोबरला करारनामा नोंदवला. मालक आणि त्यांची पत्नी, आम्ही दोघं, असे चौघं सहीला. पाच लाख दिले. या वेळी भरलेली स्टॅम्प ड्युटी पुढे विक्रीखतात वळती होते, म्हणून ती पावती जिवापाड जपा. काकांची अर्धी दलाली, 40,500, त्याच दिवशी न मागता ट्रान्सफर केली.

बँकेची वकिलाची तपासणी आणि मूल्यांकन यात तीन आठवडे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कर्ज तयार, आणि मालकांच्या पत्नी पुण्याला, मुलीच्या बाळंतपणासाठी. त्यांच्या सहीशिवाय विक्रीखत होत नाही. हा महिना मला सगळ्यात जड गेला. भाड्याचं घर डिसेंबरअखेर सोडायचं, खोकी बांधलेली, आणि सगळं एका बाळावर अडलेलं. मालकांना मी फोन केला असता तर त्रास वाटला असता. काका दर सोमवारी करत. मग मला निरोप: "चली जाली. मायलेकी बऱ्यो आसात." मुलगी झाली हे ऐकून मला खरंच आनंद झाला, आणि लगेच मनात आलं, म्हणजे आता त्या कधी येणार?

5 डिसेंबरला अपॉइंटमेंट, साडेअकराची. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचे दिवस होते. नवरा पणजीच्या शाखेतून डिमांड ड्राफ्ट घेऊन निघाला आणि जुन्या गोव्याजवळ गाड्यांच्या रांगेत अडकला. पावणेबारा. मालक घड्याळ बघत होते, त्यांच्या पत्नीला रात्रीच्या बसने परत पुण्याला जायचं होतं. काका आत जाऊन कारकुनाला विनंती करून आले, आमची वेळ जेवणानंतर घेतली. मग सगळ्यांना समोरच्या टपरीवर नेऊन भाजी-पाव आणि चहा दिला आणि बाळाचा विषय काढला. फोटो बघण्यात पाऊण तास गेला. दोनला नवरा घामाघूम होऊन पोचला. फोटो, अंगठे, सह्या. दोन साक्षीदारांतले एक काकाच.

खर्चाचं सांगायचं तर स्टॅम्प आणि नोंदणीचे मिळून साडेतीन लाखांच्या पुढे गेले, दलाली 81,000, वकील 20,000. पन्नास लाख किंवा त्यावरच्या घराला एक टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा असतो, आमचा 54,000. दोन घेणारे आणि दोन विकणारे, म्हणून प्रत्येक हप्त्याला चार फॉर्म भरावे लागले. सीएने याचे दोन हजार मागितले, मी एक शब्द न बोलता दिले. घरपट्टी नावावर करायला पालिकेत तीन फेऱ्या, विजेचं मीटर नावावर व्हायला त्याहून जास्त दिवस.

जानेवारीत एका सकाळी नव्या घरात पहिल्यांदा पोळ्या करत होते, समोर फणसाला कोवळे कुयरे धरलेले, आणि फोन वाजला. काका. मला वाटलं, कसं चाललंय विचारायला केला असेल.

"बाय, तुमचें भाड्याचें घर रिकामें जालें न्हय? मालकाचो पूत खंय येवंक ना अजून. मालकाचो नंबर दी पळोवया."